शेऱ्याचा रकाना

विक्रोळी पूर्व
९ जून २०२५

मिथुन,

'प्रिय' वगैरे लिहायची माझी अजून तयारी नाही, तेव्हा नुसतं मिथुन. तू मला फोनवर ब्लॉक केलंयस, मेलला उत्तर देत नाहीस, म्हणून शेवटी पोस्टात जाऊन पाकीट घेतलं. काउंटरवरच्या बाई पत्ता वाचून म्हणाल्या, "जोगेश्वरीलाच ना? मग स्वतः जाऊन द्या की." आता त्यांना काय सांगू? सख्खा भाऊ आठ महिने तिकडे राहतोय आणि या घरातलं कोणी तिकडे गेलेलं नाही, की तो इकडे आलेला नाही.

एप्रिलमध्ये तुला माझ्या शोधनिबंधाचा मसुदा कुरियरने पाठवला होता. सतराव्या पानावर पेन्सिलने खूण केली होती. तू वाचला नसशील याची मला खात्री आहे, म्हणून इथेच सांगून टाकते. निवडणुकीआधीचे बारा आठवडे दोनशे चाळीस माणसांनी रोज एक वही लिहिली. आज काय पाहिलं, त्यातलं काय पटलं, मत बदललं का, आणि शेवटी शेऱ्याचा रकाना. नाहूर, घाटकोपर, जोगेश्वरी आणि आपली विक्रोळी. बाकी सगळीकडे माणसं कितीही टीव्ही बघून जागची हलली नाहीत. फक्त विक्रोळीतल्या पन्नाशीपुढच्या बायका सहाव्या आठवड्यापासून एकदम 'चॅनल ग' बघायला लागल्या आणि त्यांची मतं सरकत सरकत पार त्या टोकाला गेली. चॅनल ग म्हणजे कोणतं ते मी निबंधात लिहिलेलं नाही. तुला सांगायला नको. तिथल्या सातच्या बातम्या तूच वाचतोस.

म्हणजे घटस्थापनेच्या आदल्या दिवशी मी तुला जे सांगत होते ते आता आकड्यांनी सिद्ध झालंय. तुम्ही लोक तिथे बसून जे वाचता त्याने माणसांची डोकी फिरतात. तू म्हणाला होतास, "ताई, तुझ्याकडे माणसं नसतात गं, टक्के असतात." असू देत. टक्के तरी खोटं बोलत नाहीत.

निबंध स्वीकारला गेलाय. नऊ वर्षं मी कॉलेजात कंत्राटावर शिकवतेय, दर जूनला पुन्हा नव्याने अर्ज करतेय. अठरा जुलैला कायम जागेची मुलाखत आहे आणि माझ्याकडे दाखवायला हाच निबंध आहे. संपादकांनी छापण्याआधी एकच गोष्ट मागितलीय, त्या बायकांचे शेरे त्यांच्या स्वतःच्या शब्दांत हवेत. वह्या संगणकात भरायचं काम माझ्या विद्यार्थिनीने, तेजलने केलं होतं. विक्रोळीच्या वह्यांना मी हातही लावला नव्हता. आपल्याच इमारतीतल्या बायका, मी वाचल्या तर पूर्वग्रह आड येईल, म्हणून. उद्या त्या उघडते. तुझ्या बातम्यांबद्दल धुरीकाकू काय म्हणतात ते त्यांच्याच शब्दांत तुला कळवेन.

आई बरी आहे. तू विचारलं नाहीस तरी सांगते. बाबांच्या वर्षश्राद्धाला तिने तुझं पान मांडलं होतं आणि दुपारी तीनपर्यंत उचलू दिलं नाही.

शीतल मेस्त्री
(तुझी बहीण, आठवत असेल तर)


१२ जून

मिथुन,

तुझ्या उत्तराची वाट बघून हे लिहितेय असं समजू नकोस. मला कोणाशी तरी बोलायचंय आणि ज्या कोणाशी बोलावं तो प्रत्येक जण मला विचारेल, "मग आता मुलाखतीचं काय?"

विक्रोळीच्या चोवीस वह्या. त्यातली एक आईची. ती म्हणते, "खय ठेवलंय ता गावणा नाय." तिच्या पानांचे फोटो तेवढे तेजलकडे आहेत. उरलेल्या तेवीस घेऊन परवा सकाळी बसले. पहिली धुरीकाकूंची. आपल्या धुरीकाकू, ज्या सही करताना 'धु' काढून दम खातात, त्यांनी लिहिलंय, "सदर वाहिनीवरील वृत्त ऐकले. पटण्यासारखे आहे." मी म्हटलं, वा. दुसरी घाडीकाकूंची. त्यातही सदर. तिसरी उघडली, चौथी उघडली. पहिले दोन आठवडे वेगवेगळी अक्षरं आहेत, कोणाचं तिरकं, कोणाचं मुंगीएवढं, धुरीकाकूंसाठी घरच्या कोणीतरी काढलेलं. तिसऱ्या आठवड्यापासून तेवीसच्या तेवीस वह्यांत एकच अक्षर. गोल, सुटसुटीत, प्रत्येक ओळीवर रेघ पूर्ण ओढलेली. त्या अक्षरात मी बाराखडी शिकलेय आणि तूही.

मग सहाव्या आठवड्यापासूनचे शेरे बघितले, जे संपादकांना हवेत ते. सोळा ऑक्टोबर, "बातम्या वाचणाऱ्याचा घसा बसलेला आहे." तेवीस वह्यांत. एकोणतीस ऑक्टोबर, "चेहरा उतरला आहे, जेवणाची आबाळ होत असावी." तेवीस वह्यांत. चार नोव्हेंबर, "निळा शर्ट दुसऱ्यांदा." तेजलने हे सगळे शेरे 'इतर' या खान्यात टाकले होते. तिचा दोष नाही, अक्षराला रकाना नव्हता आणि 'इतर'चा खाना मीच करून दिला होता.

मला पहिल्याच वहीला कळलं होतं. पण कळून घ्यायचं नव्हतं म्हणून एकेक करत सगळ्या उघडत गेले. दुपारी आईने जेवायला हाक मारली, मी म्हटलं भूक नाही. ती म्हणाली, "वह्यो बघतंस? अक्षर बरा आसा मा?"

शीतल


१५ जून

मिथुन,

तीन दिवस मी आईशी धड बोलले नाही. आज रविवार, ती कुळीथ निवडत बसली होती, तिच्यासमोर वह्या ठेवल्या. जे झालं ते जसंच्या तसं लिहिते, कारण यातला निम्मा भाग तुझा आहे.

"आई, या वह्या कोणी लिहिल्या?"

"मी." नजर कुळथावरच.

"सगळ्या?"

"मगे कोण लिवतलो? धुरीणीक लिवाक येता काय? घाडीणीचा मोतीबिंदूचा ऑपरेशन. बाकीचो कंटाळल्यो. म्हणाक लागल्यो, रुक्मिणीबाय, तुमीच लिवा, आमी सय करतो."

"आई, मत ज्याचं त्याने लिहायचं असतं."

"पाण्याचो अर्ज कोणी लिवल्यान? वॉर्डात खड्ड्याची तक्रार कोणी लिवल्यान? मीच मा? खाली सयो सगळ्यांच्यो. तेव्हा नाय म्हटलंस, ज्याचा त्यान लिवा."

मिथुन, तुला आठवत असेल. तीस वर्षं या इमारतीत हेच चाललंय. गॅसचा अर्ज असो, नळाचा असो, सातवी पास झालेली आपली आई 'सदर' आणि 'तरी' घालून मजकूर लिहिते आणि बाकीच्या रांगेने सह्या करतात. कुणाच्याही मनात येत नाही की यात काही गैर आहे, कारण त्या अर्जांनी खरंच पाणी आलेलं आहे. मी पीएचडी करून चोवीस वह्या वाटल्या आणि त्यांनी त्याचं एक निवेदन केलं. हे मला आधी सुचायला हवं होतं. मी याच इमारतीत वाढलेय.

मग विचारलं, "आणि सहाव्या आठवड्यापासून एकदम त्याचंच चॅनल?"

आईने एक खडा बाजूला टाकला. "सातांक दिसता तो थय. घरात नाय तर थय तरी दिसता."

"बघायला माझी ना नाही. पण रोज 'पटले' का लिहिलंस? खरंच पटायचं तुला ते सगळं?"

"अर्धा तर माका समजाचा पण नाय. कोण खयचो नगरसेवक, कोण खयचो."

"मग?"

तिने सूप खाली ठेवलं. "तू त्याका भाड्याचो घसो म्हटलंस. ह्या दारात. तो आयकान गेलो. मगे कोणीतरी त्याचा पटला म्हणूक होया होता, गो."

मला वाटलं होतं तिने ते ऐकलं नव्हतं. ती त्या वेळी आत घटासाठी माती चाळत होती.

शेवटी मी तोंडावर येईल ते विचारलं, अगदी संशोधकाला शोभणार नाही असं. "मत कोणाला दिलंस ते तरी सांग."

"ता माझा मी बघलंय." आणि सूप परत उचलून, "तुझ्या बापाशीन आयुष्यभर जेका दिल्यान तेकाच. त्याका टीव्हीचो काय संबंध?"

हे घे. सात आठवडे रोज तुझ्या बातम्या बघून, रोज 'पटले' लिहून, बाईने बाबांच्याच चिन्हावर बटण दाबलं. सतराव्या पानावरची पेन्सिलची खूण खोडून टाक.

शीतल


२४ जून

मिथुन,

माझं नाव शीतल ठेवून आईबाबांनी जगाची फसवणूक केली असं तू म्हणायचास. गेल्या आठवड्याचं तेजलला विचार, खरं सांगेल. मी तिच्यावर ओरडले, प्रिंटरवर ओरडले, भाजीवाल्यावर ओरडले.

विक्रोळीच्या चोवीस वह्या बाजूला काढल्या आणि सगळी गणितं पुन्हा केली. काही उरत नाही. चॅनल ग चा परिणाम शून्य. दोनशे सोळा माणसांनी बारा आठवडे काय काय पाहिलं आणि शेवटी आधीचंच मत घेऊन मतदानाला गेली. हा निष्कर्ष कोणी छापत नाही. माणसं बदलली तर बातमी होते, नाही बदलली तर तुमच्याकडेही कोणी वाचत नाही आणि आमच्याकडेही.

चंद्रप्रकाश सरांकडे गेले. ते माझे गाइड होते, तुला माहीत आहेत, तोंडात सतत बडीशेप. सगळं ऐकून म्हणाले, "मॅडम, घरचे लोक वहीत मदत करतातच. 'लेखनिकाच्या साहाय्याने' अशी एक तळटीप टाका. अठरा जुलैपर्यंत शांत बसा. मग बघू." तेजल म्हणाली, "मॅम, यार, कोणाला कळणारे?" दोघंही माझ्या भल्याचंच बोलत होते. घरी येऊन तळटीप लिहिलीसुद्धा. फार छान जमली होती.

आणि ही पहिली लबाडी नाही, हेही तुला सांगते, दुसऱ्या कोणाला सांगितलेलं नाही. कामाला ठेवलेल्या बाहेरच्या मुलीला इमारतीत कोणी दार उघडेना, म्हणून वह्या वाटायला आणि गोळा करायला मी आईला लावलं. नियमात बसत नाही. संशोधनाला परवानगी देणाऱ्या समितीच्या फॉर्मवर मी लिहिलं, 'स्थानिक समन्वयक, रु. स. मेस्त्री'. आई आहे हे लिहिलं नाही. बाबांच्या 'सहदेव'मधला स मधे घालून आईला परकी करून टाकलं. तुझ्या चॅनलने आपल्या इमारतीत चारशे बोगस मतदार असल्याची बातमी दिली, तू ती वाचलीस आणि मी दारात उभी राहून तुला खऱ्याखोट्यावर व्याख्यान दिलं, तेव्हा तो फॉर्म भरून मला दीड महिना झाला होता.

शनिवारी आणखी कहर झाला. आईने इमारतीत सांगितलं असणार, कारण संध्याकाळी सगळ्या बायका आपल्या खोलीत. धुरीकाकू पुढारी. म्हणाल्या, "काय गो, आमचा मत आमचा नाय, असा सांगणारी तू कोण? आमी रोज हय येवन बसत होतो. त्याचा बघूक." घाडीकाकू म्हणाल्या, "मिथुन काय एकट्या रुक्मिणीबायचो आसा? गणपतीत माइकवर कोणाचा चप्पल हरवला, कोणाचा पोर हरवला, ता सांगूक दुसरो कोण होतो?" मग त्यांनी मला एक कागद दिला. संपादकांना पाठवायचा. मी तो नकलून देते.

"महोदय, आम्ही खाली सह्या करणाऱ्या रहिवासी महिला आपणांस नम्रपणे कळवू इच्छितो की, सदर वह्यांमधील मते आमची स्वतःची असून खरी आहेत. तरी शीतल मेस्त्री यांचा निबंध छापण्याची कृपा व्हावी." खाली तेवीस सह्या. वरचा मजकूर गोल, सुटसुटीत, रेघ पूर्ण ओढलेली.

मी हसायला लागले ते थांबेचना. बायकाही हसल्या, त्यांना वाटलं काम झालं. चहा झाला. त्या गेल्यावर मी मोरीचं दार लावून रडले. ते काही कामासाठी नव्हतं. तेवीस जणी मला वाचवायला सह्या करून गेल्या आणि तुला वाचवायला सात आठवडे रोज करत होत्या, आणि मी काय केलं होतं, तर त्यांच्या त्या सह्यांचा आलेख काढून तुला पाठवला होता, बघ तू किती वाईट आहेस म्हणून.

ताई


६ जुलै

मिथुन,

निबंध मागे घेतला. परवा संपादकांना लिहिलं की विक्रोळीच्या वह्या एका व्यक्तीने भरल्या आहेत, ती व्यक्ती माझी आई आहे, आणि समितीच्या फॉर्मवर मी हे लपवलं होतं. कॉलेजलाही कळवलं. सर फोनवर म्हणाले, "तळटीप पुरली असती." मुलाखतीला जाणार आहे, पण पुढच्या जूनच्या अर्जाची तयारी ठेवलेली बरी. राग येतोय. सगळ्यांचा येतोय. आईचा, तेजलच्या त्या 'इतर' खान्याचा, माझा, आणि सगळ्यात जास्त तुझा, कारण तू यातलं काहीही न करता मधोमध बसलायस.

दोन गोष्टी सांगायच्या आहेत. चारशे बोगस मतदारांची बातमी खोटी होती. ती तू वाचायला नको होतीस. यातला एक शब्दही मी मागे घेत नाही. पण 'भाड्याचा घसा' म्हणाले ते फार वाईट बोलले. त्याबद्दल माफ कर. या दोन्ही गोष्टी एका पत्रात मावतात हे मला आठ-नऊ महिने कळलं नाही.

आता सोबतच्या वहीबद्दल. काल आईने आपणहून कपाटातून काढून दिली, तिची, ती हरवलेली. मी म्हटलं, आता याचा उपयोग नाही, अभ्यास संपला. ती म्हणाली, "तुका नाय देवक. त्याका धाड." माहिती देणाऱ्याला आपली वही परत मागता येते, तसा नियम मीच फॉर्मवर लिहिलाय. तेव्हा नियमाप्रमाणे धाडतेय. एक तरी नियम पाळते.

मी वही चाळली. अभ्यास सतरा नोव्हेंबरला संपला होता. आईची वही संपलेली नाही. अठरा नोव्हेंबरची नोंद आहे, एकोणिसाची आहे, संक्रांतीची आहे, शिमग्याची आहे. रोज सात वाजता. काय पाहिले, काय पटले, मत बदलले का, शेरा. दोनशे पानी वही भरली तेव्हा तिने मागे बाबांच्या डायरीची कोरी पानं सुईदोऱ्याने शिवली आहेत. वर्षश्राद्धाच्या दिवशी शेरा आहे, "आज सुट्टी घेतली नाही." जानेवारीत तू चार दिवस दिसला नाहीस तेव्हा चारही दिवस चारही रकाने कोरे आहेत, नुसती तारीख. माझ्या अभ्यासात कोरी नोंद बाद धरतात.

शेवटची नोंद कालची आहे. काल आईच्या चष्म्याची काडी तुटली. सात वाजायला आले तशी ती वही घेऊन माझ्यासमोर येऊन बसली आणि म्हणाली, "आज तू लिव." मी आयुष्यात पहिल्यांदा तुझं पूर्ण बातमीपत्र बसून पाहिलं, सुरुवातीपासून शेवटच्या जाहिरातीपर्यंत. बाजूला धुरीकाकू, घाडीकाकू. संपल्यावर आईने विचारलं, "लिवलंस?" मी लिहिलं आणि तिला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "पटणा नाय तर नाय. शेरो बरोबर आसा." शेवटच्या पानावरचं वेगळं अक्षर माझं आहे, ओळखशील. नोंद अशी:

५ जुलै. काय पाहिले: सातच्या बातम्या. काय पटले: काही नाही. मत बदलले का: नाही. शेरा: घसा बसलाय त्याचा. सुंठ आईकडे आहे, येऊन घेऊन जा म्हणावं.

ताई